गुडघा बदलल्यावर घरी: पहिले सहा आठवडे

ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, “किती वाकतो?” किती सरळ होतो, हे सहसा कुणी विचारत नाही. पण पुढे चाल कशी राहणार हे बरंचसं त्यावर ठरतं. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, अगदी दहा अंश वाकलेला राहिला तरी उभं राहताना मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत ताण धरावा लागतो. माणूस लवकर थकतो, लंगडतो आणि तो भार दुसऱ्या गुडघ्यावर आणि कमरेवर जातो. वाकणं पुढचे काही महिने हळूहळू वाढत राहतं. सरळपणा मात्र आत व्रण घट्ट झाल्यावर परत मिळवणं फार कठीण जातं. म्हणून घरी आल्या दिवसापासून सगळ्यात जास्त लक्ष तिथे द्या.

त्यातली सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते. पेशंट कण्हत असतो, घरातलं कुणीतरी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतं आणि बरं वाटतं. बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्यात सुजेच्या पाण्याला जास्त जागा मिळते. पण रात्रभर असं झोपलं की गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण त्याच स्थितीत आखडतात. गुडघ्याखाली उशी नको, दिवसा नको आणि रात्री तर नकोच. सूज उतरवायला पाय वर ठेवायचा असेल तर उशा पोटरीपासून टाचेपर्यंत लावा. टाच छातीपेक्षा उंच आणि गुडघा सरळ राहायला हवा.

सरळ करण्याचा व्यायाम असा: टॉवेलची साधारण चार इंच जाड गुंडाळी करा, ती फक्त टाचेखाली ठेवा आणि गुडघा अधांतरी सोडा. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मागच्या बाजूला ओढ बसते, दुखतंही. ती ओढ अपेक्षित आहे. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा.

घर आधी तयार करा

हे काम ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात करायचं. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ नको.

पुण्यातल्या पेठांमधली जुनी घरं आणि लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायट्या यांत तीन अडचणी हमखास येतात. पहिली म्हणजे बाथरूमचं दार. जुन्या फ्लॅटमध्ये ते अरुंद असतं आणि वॉकर आतच जात नाही. वॉकर घेण्याआधी दाराची मोकळी रुंदी टेपने मोजा आणि दुकानात वॉकरची पायांपाशी असलेली रुंदीही मोजून घ्या. दुसरी अडचण भारतीय पद्धतीचा संडास. त्यावर ठेवायची हात असलेली कमोड खुर्ची मिळते, वैद्यकीय साहित्याच्या दुकानात महिन्याच्या भाड्यानेही मिळते. तिच्या चारही पायांचे रबरी बूट झिजलेले नाहीत ना आणि उंचीचे खटके नीट बसतात ना, हे दुकानातच बसून पाहा. तिसरी अडचण जिना. त्याबद्दल पुढे.

पलंग किंवा दिवाण फार खाली असेल तर उठताना सगळा जोर नव्या गुडघ्यावर येतो. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकावीत आणि कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर राहावी. बहुतेकांना गादीसकट वीस-बावीस इंच उंची लागते. कमी पडली तर सुताराकडून पायांखाली खाचेचे लाकडी ठोकळे करून घ्या. नुसत्या विटा ठेवू नका, त्या सरकतात. बसायला हात असलेली टणक खुर्ची हवी. खोल सोफ्यात पेशंटला बसवूच नका.

आंघोळीला ठेंगणं स्टूल नको, हातांची प्लॅस्टिक खुर्ची ठेवा आणि बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागणार नाही. भिंतीला स्क्रूने पक्का बसवलेला दांडा लावा. व्हॅक्यूम कपवाली हँडल ओल्या टाइलवर कधीही सुटतात. तोल गेला की माणूस नळ किंवा टॉवेलचा रॉड धरतो आणि तो हातात येतो. पायपुसणी, सैल सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. पावसाळा असेल तर घरात वाळत घातलेले कपडे चालण्याच्या वाटेपासून लांब, कारण त्यातून ठिबकलेलं पाणी फरशीवर दिसत नाही. गाऊन घोट्याच्या वर राहील इतकाच लांब असू द्या.

घरी येताना

रिक्षा टाळा. चढायची पायरी उंच, पाय ठेवायला जागा कमी आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला गुडघा जबरदस्तीने वाकतो. मोटारीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की बसल्यावर दोन्ही पाय आत वळवणं सोपं जातं. निघताना पिशवी काढून टाका.

जिन्याचा नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात काठी. वॉकर दुसऱ्या कुणीतरी वर न्यायचा. मदतनीस नेहमी पेशंटच्या खालच्या पायरीवर, म्हणजे चढताना मागे आणि उतरताना पुढे. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवा. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले असतील तर हा नियम लागू पडत नाही. कुठला पाय आधी, ते हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वी फिजिओकडून प्रत्यक्ष जिन्यावर शिकून या.

वाकवणं आणि चालणं

दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. गोळी टाळून दात-ओठ खात केलेला व्यायाम अर्धवटच होतो.

दर तासाला घोटा वर-खाली वीस वेळा; याने पोटरीतलं रक्त फिरतं राहतं. पडल्या पडल्या टाच गादीवरून कमरेकडे सरकवायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवरून मागे न्यायचं, जिथे अडतं तिथे दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग दुसऱ्या पायाने वरून हलकेच आणखी मागे रेटायचं. दोन आठवड्यांअखेर नव्वद अंश आणि सहा आठवड्यांपर्यंत एकशे दहाच्या आसपास, हे बहुतेकांसाठी रास्त लक्ष्य आहे. ऑपरेशनआधीच गुडघा खूप आखडलेला असेल तर नंतरही आकडा थोडा कमीच राहतो. शेजारच्या काकूंशी तुलना करू नका. मात्र सहा आठवड्यांनंतरही नव्वदपर्यंत पोचत नसेल तर सर्जनला लगेच दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय असतो, पण तो पहिल्या तीनेक महिन्यांतच जास्त उपयोगी पडतो.

चालणं थोडं थोडं आणि वारंवार: पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. टाच आधी टेकवायची. काठीवर आल्यावर ती ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. अनेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिकडेच झुकून चालायची सवय लागते. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. पुण्यातले फुटपाथ उंच-सखल, मधेच तुटलेले, त्यामुळे पहिले काही आठवडे सोसायटीच्या आवारातच फिरा. सारसबाग पुढे. पर्वतीच्या पायऱ्या तर त्याहून बऱ्याच पुढे.

सूज

घरी आल्यावर सूज वाढते, कारण हालचाल वाढते. व्यायामानंतर बर्फ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. फ्रिझरमधल्या मटारची पिशवी गुडघ्यावर चांगली बसते. बर्फ थेट कातडीवर नको. जखमेभोवती बधिरपणा असतो, भाजलेलं कळत नाही. गरम पाण्याचा शेक, तेल लावून मालिश, लेप हे आपल्याकडे मायेने केलं जातं, पण या आठवड्यांत नको. शेकाने सूज वाढते आणि पोटरीत रक्ताची गाठ झाली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते.

भेटायला येणाऱ्यांचाही सुजेवर परिणाम होतो. गप्पांत तास-दीड तास पाय खाली सोडून बसलं की संध्याकाळी गुडघा फुगतो आणि दुसऱ्या दिवशी वाकत नाही. अर्धा तास झाला की पाहुणे असले तरी उठून आडवं व्हायचं. सकाळी उठल्यावर सूज आणि दुखणं कालपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी चालणं निम्मं करा. व्यायाम मात्र बंद करू नका.

औषधं, जखम, जेवण

दुखण्याच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापासाठी वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. सगळं मिळून चोवीस तासांत ४ ग्रॅम ही मोठ्या माणसाची कमाल मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. रक्त पातळ ठेवण्याचं औषध सांगितलेले सगळे दिवस घ्या आणि ते चालू असताना मेडिकलमधून स्वतःहून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी आणू नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या औषधाने बद्धकोष्ठ होतं. पाणी, ताक, पपई आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल.

टाके बारा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी ठेवा; हळद, पावडर, मलम काही नाही. एकादशी, चातुर्मासाचे उपास या काळात सोडा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि साठ किलोच्या माणसाला जखम भरायला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय दूध, दही, पनीर, चालत असतील तर अंडी. मधुमेह असेल तर साखर रोज तपासा. वाढलेल्या साखरेने जखम चिघळते.

वाट न पाहता डॉक्टरांना कधी गाठायचं

अचानक दम लागणं, छातीत दुखणं: १०८. एकाच पायाची पोटरी दुखून ताठ होणं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं, पडणं: त्याच दिवशी सर्जन. फॅमिली डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू करून वाट पाहू नका. गुडघ्यातलं पाणी तपासण्याआधी गोळ्या पोटात गेल्या की कुठला जंतू आहे ते सापडत नाही आणि नवा सांधा वाचवणं अवघड होतं.

याउलट गुडघा काही महिने कोमट लागणं, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा आणि चालताना कटकट आवाज हे घाबरण्यासारखं नाही. झोप पहिले पाच-सहा आठवडे वाईटच असते. पुढे सुधारते.

दुचाकीची घाई सगळ्यांनाच असते. सिग्नलला पाय टेकून गाडीचं वजन पेलावं लागतं, मेन स्टँडला जोर लागतो. त्यामुळे साधारण तीन महिन्यांआधी नको, तेही सर्जनने पाहून परवानगी दिल्यावर. तोवर मागे एका बाजूला बसूनही जाऊ नका. पूजा, निवडणं-टिपणं खुर्ची-टेबलावर करा. मांडी आणि उकिडवं बसणं या सांध्याला मानवत नाही. इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या नव्या सांध्याचे स्टिकर असलेला कागद फाइलमध्ये जपून ठेवा आणि दाताचं काही करायचं असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा की गुडघा बदललेला आहे.