पूर्ण आकाराच्या पिस्तुलासाठी बेल्ट आणि होल्स्टर कसे निवडावे

पिस्तूल कमरेला टोचते, पँट एका बाजूने खाली ओढते आणि दुपार होईपर्यंत कंबर धरते, अशी तक्रार असलेला माणूस सहसा नवे होल्स्टर शोधू लागतो; दोष मात्र बहुतेक वेळा बेल्टमध्ये असतो. होल्स्टरचे काम पिस्तूल नेमक्या जागी धरून ठेवण्याचे आणि ट्रिगर झाकण्याचे असते, तर वजन पेलण्याचे काम बेल्टचे असते. ग्लॉक 17 हे पूर्ण आकाराचे पिस्तूल गोळ्यांसह सुमारे 900 ग्रॅम भरते आणि ईशापूरच्या कारखान्यात ब्राउनिंगच्या धर्तीवर बनलेले पोलिसांकडील 9 एमएम पिस्तूल रिकामे असतानाच किलोच्या आसपास जाते. नागरिकांना 9 एमएम हा बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, निषिद्ध असल्यामुळे नागपुरात परवान्यावर दिसणारी पिस्तुले मुख्यतः .32 बोअरची असतात आणि ती तुलनेने हलकी असतात. पण मूठ पूर्ण आणि नळी लांब असेल, तर कमरेवरचा त्रास तोच असतो आणि उपायही तेच असतात.

निवड करण्याआधी कायद्याची एक अट लक्षात घ्यावी, कारण निम्मी निवड तिनेच ठरते. आर्म्स रूल्स 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे असेल तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत असले पाहिजे, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि त्यावर बाळगणाऱ्याचा ताबा राहिला पाहिजे. शर्ट खोचून, पोलिसासारखे उघडे होल्स्टर कमरेला लावून सीताबर्डीत फिरण्याचा प्रश्नच त्यामुळे निकालात निघतो. परवान्यावर काही अटी लिहिलेल्या असतील तर त्या वेगळ्या वाचाव्यात. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो, त्यामुळे शंका असल्यास तेथेच विचारणे उत्तम.

आता बेल्ट. बाजारात मिळणारा नेहमीचा फॉर्मल बेल्ट दिसायला चामड्याचा असला तरी आतून बऱ्याचदा पुठ्ठा किंवा रेक्झिन असते आणि दोन-तीन महिन्यांत तो होल्स्टरपाशी वाकून राहतो. चांगला बेल्ट ओळखण्यासाठी काटा-वजनाची गरज नाही. बेल्ट आडवा धरावा, दोन हातांत साधारण एक वीत अंतर ठेवावे आणि त्याच्या कडा वर-खाली पिळून पाहाव्यात. तो सहज पिळला जात असेल, तर पिस्तुलाच्या वजनाने त्याची वरची कड बाहेर कलणार, मूठ शरीरापासून सुटणार आणि शर्टवर तिचा उंचवटा उमटणार. जो बेल्ट कमरेभोवती सहज वळतो, पण कडेने पिळताना हट्टीपणा करतो, तो कामाचा. चामड्यात दोन थर एकमेकांवर चिकटवून कडेने शिवलेला, साधारण 4 ते 5 मिलिमीटर जाडीचा बेल्ट हे काम करतो. नायलॉनच्या पट्ट्यात मध्ये कडक प्लॅस्टिकची पट्टी घातलेले बेल्टही येतात. ते घामाने कुजत नाहीत, म्हणून विदर्भाच्या हवेत मी त्यांनाच झुकते माप देईन. फक्त लग्नाकार्यात ते शोभत नाहीत, हे मान्य.

रुंदी दीड इंच असावी. सव्वा इंचाचा बेल्ट हलक्या पिस्तुलाला चालतो, पूर्ण आकाराच्या पिस्तुलाला कमी पडतो. मात्र बेल्टची रुंदी आणि होल्स्टरच्या क्लिपची किंवा फटीची रुंदी सारखीच असली पाहिजे, कारण दीड इंचाच्या क्लिपमध्ये सव्वा इंचाचा बेल्ट घातला की होल्स्टर प्रत्येक पावलाला वर-खाली डुलते आणि त्याच जागी कातडी सोलवटते. खरेदीला जाण्यापूर्वी आपल्या पँटचे लूपही मोजावेत. शिंप्याकडून शिवलेल्या पँटचे लूप बऱ्याचदा अरुंद असतात, ते रुंद करून घेणे अर्ध्या तासाचे काम आहे आणि होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा लूप लावून घेतला तर होल्स्टर सरकत नाही. बेल्टचे माप पँटच्या लेबलवरून ठरवू नये. होल्स्टर पँटच्या आत घालायचे असेल तर रिकामे पिस्तूल त्यात ठेवून, त्यावरून टेप फिरवून माप घ्यावे. कंबर साधारण दोन इंच वाढलेली दिसते आणि पँटही तेवढीच सैल लागते. साध्या बेल्टची भोके एकेक इंचावर असल्याने जेवणाआधी सैल आणि जेवणानंतर घट्ट अशी गत होते. दातेरी पट्टीचे, भोके नसलेले बक्कल थोडे-थोडे सोडता-आवळता येते आणि सावजी जेवणानंतर त्याची खरी किंमत कळते.

नागपूरचे अनेक व्यापारी, कंत्राटदार आणि राजकारणातली मंडळी झब्बा-पायजमा घालतात. त्यांच्यासाठी वेगळे सांगायला हवे, कारण नाडीच्या पायजम्यावर कोणतेही होल्स्टर टिकत नाही. पिस्तुलासह पायजमा खाली येतो, एवढेच. शिंप्याकडून लूप लावलेला जाड कापडाचा पायजमा शिवून घ्यावा किंवा जाकिटाखाली खांद्याचे होल्स्टर वापरावे. खांद्याच्या होल्स्टरमध्ये वजन पाठीवर विभागले जाते आणि कंबर मोकळी राहते, पण मेमध्ये पारा 45 अंशांच्या वर गेल्यावर जाकीट अंगावर ठेवणे अवघड होते, म्हणून तो हिवाळ्याचा मार्ग समजावा. पोटाला गुंडाळायचे इलास्टिकचे पट्टे बेल्टशिवाय चालतात. पण नुसते कापड ट्रिगरला संरक्षण देत नाही, तेव्हा त्यात ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) झाकणारे कडक कवच असेल तरच ते घ्यावेत.

होल्स्टर कुठे बसवायचे, हे आपला दिवस कसा जातो त्यावरून ठरवावे. बराच वेळ उभे राहणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाला उजव्या नितंबाच्या हाडामागे किंचित मागच्या बाजूला, मूठ 10 ते 15 अंश पुढे झुकवून, पँटच्या आत बसवलेले होल्स्टर सर्वांत आरामदायक पडते. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात लपवायला कठीण असते ती मूठ, नळी नव्हे. उलट, बेल्टखाली उतरलेली लांब नळी मुठीला आत दाबून धरते, म्हणून छोट्या नळीच्या पिस्तुलापेक्षा ते कधीकधी कमी डुलते. पण दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा गाडीत बसणाऱ्याच्या मांडीत तीच नळी रुतते. अशा माणसाने उंच बसणारे होल्स्टर घ्यावे किंवा डाव्या बाजूला आडवे लावायचे होल्स्टर पाहावे. त्यात बसल्या जागी मूठ हाताशी येते, पण उभे राहिल्यावर ते झाकायला जड जाते आणि पिस्तूल काढताना नळी शेजारच्या माणसाकडे वळते, ही त्याची मोठी उणीव आहे.

कारमध्ये आपल्याकडे चालकाच्या सीटबेल्टचे कुलूप डाव्या बाजूला असते आणि मांडीवरचा पट्टा उजव्या बाजूने येतो, त्यामुळे उजव्या कमरेवरचे पिस्तूल त्या पट्ट्याखाली दाबले जाऊन मूठ बरगडीत घुसते. चाचणी दुकानात उभे राहून नव्हे, आपल्या गाडीच्या सीटवर बसून, अर्थातच रिकाम्या पिस्तुलाने घ्यावी. दुचाकीवर प्रश्न निराळा असतो. पुढे वाकताच शर्ट मागून वर चढतो, वर्धा रोडच्या वाऱ्यात तो फडफडतो आणि मूठ उघडी पडते. त्यावर लांब, जड सुती कापडाचा शर्ट आणि उंचीला थोडे खाली बसणारे होल्स्टर, हाच उपाय आहे. कमरेच्या मागे, नेमके पाठीच्या कण्यावर पिस्तूल ठेवण्याची सवय मात्र दुचाकीस्वाराने तरी सोडावी. गाडी घसरून तो पाठीवर पडला, तर लोखंडाचा तुकडा थेट मणक्यावर आदळतो.

होल्स्टर चामड्याचे की कायडेक्सचे, हा वाद निष्फळ आहे. कायडेक्स हे गरम करून साच्यावर घडवलेले कडक प्लॅस्टिक असते. ते पिस्तुलाच्या आकाराला तंतोतंत बसते, ओले होत नाही, पण घामेजलेल्या कातडीला टोचते. चामडे काही आठवडे वापरल्यावर अंगाशी जुळते, पण मऊ झाल्यावर त्याचे तोंड मिटू लागते. असे मिटलेले, आत वाकलेले तोंड पिस्तूल परत घालताना ट्रिगरमध्ये शिरू शकते. म्हणून चामड्याचे होल्स्टर घ्यायचेच असेल तर त्याच्या तोंडाला आतून पत्र्याची किंवा जाड चामड्याची कडक पट्टी असावी, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर तोंड उघडेच राहते का, हे पाहावे. ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेला असावा आणि बाहेरून बोटाने दाबल्यास आतल्या ट्रिगरपर्यंत दाब पोहोचू नये. "सगळ्या पिस्तुलांना चालते" असे सांगून विकले जाणारे कॅनव्हासचे होल्स्टर या एका निकषावरच बाद होते.

आपल्या मॉडेलचे तयार होल्स्टर मिळाले नाही तर चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेता येते. तेव्हा पिस्तूल त्याच्याकडे ठेवून येण्याचा मोह टाळावा. परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती शस्त्र सोपवणे गुन्हा आहे. घरी पिस्तूल रिकामे करून जाड कागदावर त्याची बाह्यरेषा काढावी, ट्रिगर गार्ड, मूठ आणि नळी येथील जाडी मोजून त्यावर लिहावी आणि शक्य असल्यास सुताराकडून त्या मापाचा लाकडी नमुना करून तोच कारागिराला द्यावा.

वस्तू घरी आल्यावर मॅगझीन काढावे, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात आणि मगच चाचणी सुरू करावी. पिस्तूल घातलेले होल्स्टर गादीवर उलटे धरून हलवावे. ते निसटले नाही पाहिजे. मग ते कमरेला लावून जिना चढावा, बुटाची नाडी बांधावी, जमिनीवर मांडी घालून बसावे आणि कमोडवर बसून उठावे. ही शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही, पण पिस्तूल तिथेही निसटू शकते. पिस्तूल परत घालताना शर्टाचे टोक किंवा जाकिटाची दोरी तोंडात अडकली नाही ना, हे पाहून सावकाश घालावे. त्यात घाई करण्याचे कोणतेच कारण नसते.

न्यायालय, विमानतळ, मेट्रो किंवा डिसेंबरातल्या अधिवेशनाच्या काळात विधानभवन, अशा ठिकाणी जायचे असेल तर पिस्तूल घरी तिजोरीतच ठेवून निघावे. वाटेत गाडीत काढून ठेवणे हा पर्याय समजू नये. तरीही रोज घरी आल्यावर पिस्तुलासकट होल्स्टर काढता येणारी मजबूत क्लिप असावी, म्हणजे भरलेले पिस्तूल वारंवार हाताळावे लागत नाही.

उन्हाळ्यात पिस्तूल आणि कातडी यांच्यामध्ये सुती बनियन असू द्यावे, ते पँटमध्ये खोचावे आणि होल्स्टरची आतली बाजू मुठीच्या वरपर्यंत उंच असलेली निवडावी, म्हणजे घामातले मीठ स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, उतरत नाही. रात्री पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसून होल्स्टरबाहेर ठेवावे, कारण चामड्यात राहिलेली ओल आणि कमावणीतले क्षार गंज चढवतात. ओले चामडे उन्हात किंवा कूलरसमोर वाळवू नये, सावलीत वाळू द्यावे. बेल्टमध्ये होल्स्टरच्या जागी कायमचा बाक दिसू लागला किंवा पिळण्याची चाचणी तो पूर्वीसारखी पार करेना, की बेल्ट बदलावा. होल्स्टर तोवर सहसा ठणठणीत असते.