गावच्या पोट्ट्यानं फुटबॉलमध्ये वर कसं जायचं

राजेहो, आधी शाळेच्या टीममधून सुब्रतो कप (देशभरातल्या शाळांची फुटबॉल स्पर्धा) खेळा, अन् जन्मदाखला-आधारवर नाव-तारीख सेम करून ठेवा, आमच्याकडच्या एका पोट्ट्याचं सिलेक्शन यातच अडकलं, लई जीव तुटला. मग नागपूरच्या लीगमधल्या क्लबची ट्रायल द्या, खालच्या डिव्हिजनचा क्लब भेटला तरी घ्या, मोठ्या क्लबच्या बेंचवर बसण्यापेक्षा ९० मिनिटं खेळणं कामाचं. इंग्लंडच्या जेमी वार्डी या फुटबॉलपटूला १६ व्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे क्लबनं काढलं, तो स्टॉक्सब्रिज, हॅलिफॅक्स, फ्लीटवूड अशा छोट्या क्लबांतून खालूनच चढला, २०१२ मध्ये लेस्टर क्लबला गेला अन् २०१६ मध्ये प्रीमियर लीग (इंग्लंडची सगळ्यात वरची लीग) जिंकला. घरी गोठ्याच्या भिंतीवर रोज कमजोर पायानं पास मारा, वावरात पळत असाल तर तुरीची धसकटं आधी उपटा, तळपाय फाटतो.