योहानाच्या गुप्त पुस्तकातील डोंगरावरचे दर्शन : अभ्यास कसा करावा

बायबलमध्ये स्थान न मिळालेल्या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथांत डोंगरावर घडलेली दर्शने अनेक आहेत. तथापि नव्या अभ्यासकाने आरंभ ‘योहानाच्या गुप्त पुस्तका’पासून करावा, असे माझे मत आहे. या ज्ञानवादी, म्हणजे गूढ ज्ञानानेच तारण होते असे मानणाऱ्या पंथाच्या, ग्रंथाच्या कॉप्टिक या इजिप्तच्या प्राचीन भाषेतील चार प्रती उपलब्ध असल्यामुळे एकच प्रसंग चार ठिकाणी ताडून पाहता येतो, आणि अशी सोय या प्रकारच्या ग्रंथांत क्वचितच मिळते. त्यांपैकी तीन प्रती १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ जबल अल्-तारिफ या कड्याच्या पायथ्याशी सापडलेल्या हस्तलिखितांत आहेत. चौथी प्रत १८९६ साली कैरोत विकत घेतली जाऊन बर्लिनला गेली, परंतु ती छापून प्रसिद्ध व्हायला १९५५ साल उजाडले.

नाग हम्मादीच्या दुसऱ्या व चौथ्या संहितेत (म्हणजे बांधीव हस्तलिखितात) ग्रंथाचे विस्तृत रूप आहे, तर तिसऱ्या संहितेत आणि बर्लिनच्या प्रतीत संक्षिप्त रूप आहे. त्यामुळे आपण वाचत असलेले भाषांतर कोणत्या प्रतीवरून केले आहे, हे आधी पाहून वहीत नोंदवावे. वॉल्डस्टाईन आणि विसे या संशोधकांनी १९९५ साली या प्रती शेजारी-शेजारी छापल्या आहेत. इंग्रजी वाचता येणाऱ्याने ती मांडणी मिळवावीच. भाषांतरातील चौकटी कंस डोळ्यांआड करू नयेत. पपायरसची आरंभीची पाने झिजलेली असून कंसांतील शब्द संपादकांनी अनुमानाने भरलेले असतात. अशा शब्दावर एखादा सिद्धान्त उभा करणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय.

दर्शन ग्रंथाच्या अगदी आरंभी येते आणि थोडक्याच ओळींत संपते, म्हणून पुष्कळ वाचक थेट तेथेच उडी घेतात. तसे न करता त्याच्या आधीचा वाद प्रथम वाचावा. येशूचा शिष्य, जब्दीचा पुत्र योहान मंदिरात गेला असता अरिमानियस नावाचा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) त्याला विचारतो, की तुझा गुरू कोठे आहे. आणि त्या नासरेथकराने तुम्हाला फसवून पूर्वजांच्या परंपरेपासून दूर नेले, असे ऐकवतो. योहान व्यथित होतो, मंदिराकडे पाठ फिरवतो आणि डोंगराळ, ओसाड जागी जातो. तेथे तारणारा (म्हणजे येशू) का पाठवला गेला, त्याचा पिता कोण, आपण ज्या लोकी जाणार तो कसा आहे, असे प्रश्न तो स्वतःलाच विचारू लागतो. हे विचार मनात चालू असतानाच आकाश उघडते. येथे उपवासाचा किंवा एखाद्या विधीचा उल्लेख नाही. दर्शनाच्या आधी येते ती केवळ शंका, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रसंगाची किल्ली हीच आहे.

कॉप्टिक भाषेतील ‘तोऊ’ या शब्दाचाही विचार करावा. नाईलच्या काठची काळी, पिकाऊ जमीन जेथे संपते तेथे सुरू होणारा उंच, कोरडा प्रदेश म्हणजे ‘तोऊ’. पुढे मठालाही हाच शब्द लागू झाला. तेव्हा आपल्या सह्याद्रीसारखे हिरवे शिखर डोळ्यांपुढे आणले, तर या प्रसंगातील ओसाडपण हातून निसटते.

यानंतर दर्शनातील घटनांचा क्रम लिहून काढावा. आकाश उघडते, सृष्टी प्रकाशाने उजळते, जग हादरते, आणि मग त्या प्रकाशात एक आकृती दिसते, जी कधी बालक तर कधी वृद्ध भासते. ती अनेक रूपांची, तरीही एकच असते, आणि सांगते की मी पिता आहे, मी माता आहे, मी पुत्र आहे. दिसलेली रूपे आणि उच्चारलेली नावे एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. हा पेच घाईने सोडवू नये. मराठी बायबलमधील ‘पवित्र आत्मा’ पुल्लिंगी असल्यामुळे येथील माता आपल्याला अनपेक्षित वाटते, परंतु आत्म्यासाठीचा हिब्रू शब्द ‘रूआख’ बहुधा स्त्रीलिंगी वापरला जातो, हे लक्षात घेतल्यास एक वाट दिसते. आपल्याकडील वाचकाला गीतेतील विश्वरूपदर्शन किंवा घारापुरीची त्रिमुखी मूर्ती आठवणे स्वाभाविक आहे. ती आठवण समासात टिपून ठेवावी, मात्र तिच्या आधारे अर्थ लावू नये.

खरी तुलना सीनायशी, म्हणजे मोशेला देवाचे नियमशास्त्र मिळाले त्या डोंगराशी, करावी. बायबलमधील निर्गमाचे १९वे व २४वे अध्याय, १ राजे १९ मधील होरेब डोंगरावरील संदेष्टा एलीया आणि मार्क ९ मधील डोंगरावरचे येशूचे रूपांतर, हे भाग शेजारी ठेवून संपूर्ण ग्रंथ वाचला, की डोंगराचे प्रयोजन उलगडते. विस्तृत रूपात तारणारा चार वेळा बजावतो, की मोशेने सांगितले तसे हे नाही. त्यांत आदामाची फासळी आणि नोहाचे तारू हे प्रसंगही येतात. माझ्याखेरीज दुसरा देव नाही, ही घोषणा येथे यल्दाबाओथ या अज्ञानी निर्मात्याच्या तोंडी घातली आहे. म्हणजे डोंगरावर मिळालेल्या जुन्या शास्त्राला उत्तर देण्यासाठी लेखकाने दुसरा डोंगर उभा केला आहे. जो वाचक दर्शन तेवढे उचलून घेतो, त्याला हा संघर्ष दिसतच नाही.

कालनिर्णयासाठी इरेनियस या प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्याकडे वळावे. सुमारे १८० साली त्याने पाखंडी मतांच्या खंडनात या ग्रंथातील विश्वोत्पत्तीशी मिळताजुळता सारांश दिला आहे, परंतु त्यात योहान नाही आणि डोंगरही नाही. त्यामुळे दर्शनाची चौकट मूळ शिकवणीला नंतर जोडली गेली असावी, असे अनेक संशोधक मानतात, आणि हे मत मला पटते. ‘येशू ख्रिस्ताची सोफिया’ या ग्रंथात बारा शिष्य व सात स्त्रिया गालीलातील डोंगरावर जमतात, तर ‘पेत्राचे फिलिप्पास पत्र’ यात जैतुनांच्या डोंगरावर प्रकाश प्रकटतो. म्हणजे ही चौकट एका लेखकापुरती नव्हती. फरक इतकाच की तेथे समुदाय आहे आणि येथे योहान एकटा आहे.

शेवटी ग्रंथाची अखेर पुन्हा आरंभाशी लावून पाहावी. हे रहस्य लिहून सुरक्षित ठेव, आणि भेटवस्तू, अन्न, पेय किंवा वस्त्र यांच्या मोबदल्यात जो ते देईल तो शापित असो, असे सांगून तारणारा अदृश्य होतो. योहान डोंगर उतरल्याचे वर्णन नाही. तो आपल्या सहशिष्यांकडे जातो आणि ऐकलेले सांगतो. मंदिराचा उल्लेख पुन्हा येत नाही.