हुमणीच्या भाऊबंदांसाठी पेटी

आमच्या सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात उसाची मुळं खाणारी हुमणी अळी दिसली की चेचायची, एवढंच शिकवलेलं. एमएस्सीला स्वीडनला आले, तर पहिल्याच महिन्यात मार्गदर्शक बाईंनी ओकच्या ढोलीतून तश्शीच पांढरी, वळलेली अळी काढून दाखवली. काढायला त्यांच्याकडे परवाना होता. कायद्यानं संरक्षित कीटक आहे तो. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "किती एकरात लागलीय?"

ही ओस्मोडर्मा एरेमिटा या ढोलीत वाढणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. तिकडे त्याला लेडरबाग्गे म्हणतात. नराला पिकल्या पीचसारखा वास येतो. मादी त्या वासावर येते, आणि अळ्या खाणारा एक शिकारी भुंगेराही.

अडचण झाडांच्या वयाची आहे. ओकला ढोली पडायला साधारण दोनशे-तीनशे वर्षं लागतात. १५५८ पासून स्वीडनमध्ये ओक राजाच्या मालकीचे होते, १८३० मध्ये शेतकऱ्यांना हक्क मिळाला आणि कुऱ्हाडी चालल्या. आता म्हातारी झाडं मरताहेत आणि तरुण झाडं अजून भरीव आहेत. मधली वर्षं काढायला ढोलीऐवजी लाकडी पेट्या.

पेटीत काय भरायचं? ओकचा भुसा, ओकचीच पानं, गवत, लसूणघासाचं पीठ. स्वीडनमधल्याच लिंकोपिंगचे संशोधक निक्लास यान्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगात काही पेट्यांत कोंबडखत, काहींत चक्क मेलेली कोंबडी घातली होती. ढोलीत पक्षी घरटी करतात, मरतात; त्याची ही नक्कल. घाण वाटत असेल तर हे क्षेत्र सोडा, खरंच. त्यांच्या पेट्या जुन्या ओकांपासून १८०० मीटरपर्यंत होत्या, आणि अंतर वाढेल तसे ढोलीतले भुंगेरे कमी आढळले. म्हणून जागा निवडताना आधी जुनं झाड शोधा, सावली-सोय नंतर.

माझी पहिली पेटी मी फार नेटकी केली. झाकण घट्ट, फट नाही. उन्हाळ्यात उघडली तर भुसा पापडासारखा कोरडा. पाऊस थोडा आत झिरपलाच पाहिजे. मूठभर भुसा दाबला की गोळा व्हावा, पाणी गळू नये.

नव्यानं येणाऱ्यांनी आधी सुतारकाम शिकावं. मग पेटीतला भुसा चाळणं. अख्खा भुंगेरा क्वचितच हाती लागतो. चाळणीत उरतात पंखांची तुटकी झाकणं, एखादा पाय, उंदराच्या लेंड्यांसारखी अळीची विष्ठा. त्यावरून कीटक ओळखता आला पाहिजे. मला त्याला दोन हिवाळे लागले, संग्रहालयातल्या नमुन्यांशी एकेक तुकडा ताडून बघत. भाषेची भीती बाळगू नका, काम इंग्रजीत चालतं. शेतमालकाशी बोलायला मात्र थोडी स्वीडिश हवीच.

लेडरबाग्गे माझ्या पेटीत आला नाही. तो फारसा लांब उडत नाही, बरेचसे जन्मल्या ढोलीतच आयुष्य काढतात. दुसरे बारके भुंगेरे आले, त्यांच्यावर प्रबंध झाला. भुसा कुजून खाली बसतो, वरून भर घालावी लागते. ते काम आता माझ्या मागून आलेल्या मुलाकडे आहे. झाकणाला त्यानं चार भोकं पाडली म्हणे.