कर्णबधिर मुलांसाठीचं बी.एड. मुक्त विद्यापीठातून करताय? मग आधी हे जमवा

फी भरायच्या आधी आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या वेबसाइटवर कोर्स आणि तुमचं अभ्यासकेंद्र दोन्ही मान्यतेच्या यादीत आहेत का ते बघा, नुसतं विद्यापीठाचं नाव मोठं असून भागत नाही, कारण मान्यताच नसेल तर शेवटी सीआरआर नंबर (परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला तुमचा नोंदणी क्रमांक) मिळत नाही आणि त्या नंबराशिवाय स्पेशल टीचर म्हणून कामाला उभं राहता येत नाही.

मग शाळा शोधा. थिअरी काय, रात्री घरचं आवरून वाचता येते, पण पाठ घ्यायला समोर मुलं लागतात, तेव्हा जवळच्या कर्णबधिर शाळेत आत्ताच जाऊन मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घेऊन ठेवा, ऐन परीक्षांच्या दिवसांत कुणी दारात उभं करत नाही.

तिथल्या जुन्या बाईंना धरा आणि ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या कानाला किती ऐकू येतं त्याचा आलेख, वाचायला शिका (लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, एवढं तरी आधीच पाठ पाहिजे), कानाच्या मशीनचा सेल बदलून बघा, तो झिंक-एअर असतो, स्टिकर काढला की हवा लागून लगेच सुरू होतो आणि नाही वापरला तरी उतरतो, म्हणून आठवड्याभराचे स्टिकर एकदम काढून ठेवायचे नाहीत. डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची टेस्ट (मशीन लावून मुलाला हे आवाज ऐकू येतात का ते बघायची) पण रोज करून बघा, आ, ई, ऊ, म, श, स, मुलाच्या मागे उभं राहून, नाहीतर ते ओठ वाचून बरोबर सांगतं आणि आपण खूश. हे व्हिडिओ बघून हातात बसत नाही, माझं स्पष्ट मत.

ऑनलाइन तासाला मोबाइल स्टँडवर, कारण खुणांना दोन्ही हात लागतात, कमरेपासून डोक्यापर्यंत दिसायला हवं आणि उजेड समोरून. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो, आणि सांकेतिक भाषेत भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, म्हणजे चेहरा दिसला नाही तर अर्धं वाक्यच गेलं. कपडे प्लेन घाला. दिल्लीच्या आयएसएलआरटीसीची, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची, डिक्शनरी बघत चला, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत, व्हिडिओ फुकट आहेत, पण तुमच्या शाळेतल्या मुलांच्या काही खुणा त्यात सापडणार नाहीत, त्या मुलांनाच विचारायच्या.

बॅचमध्ये कुणी स्वतः कर्णबधिर असेल तर इंटरप्रिटर कोण येणार ते केंद्राला पहिल्या तासाआधीच विचारा, आणि ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायची सवय असेल तर कृपा करून आजपासून टाइप करा.