टाळ्या थांबल्या की फॉर्म समोर हवा: कॉलेजात कलेतून मतदार नोंदणी कशी करावी

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत कलाकारांना तोटा नाही. मुंबई विद्यापीठाच्या यूथ फेस्टिव्हलसाठी पथनाट्याच्या तालमी पावसाळ्यातच सुरू होतात, रांगोळीला हात बसलेली पोरं-पोरी असतात, ढोलकी वाजवणारा एखादा असतोच. तरी ‘मतदान करा’ छापाचं पथनाट्य झालं की सगळे टाळ्या वाजवतात आणि कँटीनकडे वळतात. पुढे काय करायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून सुरुवात दुसऱ्या टोकाने करा.

आधी काम ठरवा

‘जनजागृती’ हे काम नव्हे. बघणाऱ्याने आज, इथे, दहा मिनिटांत काय करायचं ते एका वाक्यात लिहा. पहिल्या उपक्रमाला मतदार नोंदणीच घ्या, कारण तिला तारीख असते. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेपर्यंत १८ वर्षं पूर्ण होतात, ती तारीख पकडून मतदार यादीत नाव लागतं. १७ पूर्ण झालेल्यांना फॉर्म ६, म्हणजे नव्या मतदाराचा अर्ज, आगाऊ भरता येतो, म्हणजे एफवायचा (पदवीच्या पहिल्या वर्षाचा) अख्खा वर्ग तुमचाच. उशीर महाग पडतो तो असा: १५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांसाठी मतदान झालं, ते १ जुलै २०२५ च्या यादीवर. त्यानंतर ज्यांचं नाव लागलं, त्यांचं ते मतदान हुकलं.

प्रेक्षक कुठून येतो ते पाहा

वाशी-नेरुळच्या कॉलेजच्या गेटातून आत येणारी कितीतरी मुलं कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, पनवेलहून येतात. त्यांच्यापुढे नेरुळच्या खड्ड्याचं नाटक केलंत तर ती हसतील, पण तो खड्डा त्यांचा नाही. इथे रांगोळी कामी येते.

प्रवेशद्वाराजवळ, पायवाट सोडून, गेरूने जमीन सारवा आणि त्यावर रेल्वेमार्गाचा नकाशा काढा: ठाणे, दिघे गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, तिथून वाशीचा फाटा आणि नेरुळचा फाटा. टोकांना कल्याण आणि पनवेलच्या दिशेच्या रेघा मोकळ्या सोडा. येणाऱ्याने आपल्या स्टेशनपाशी चिमूटभर रंग ठेवायचा. यादीत नाव असेल तर पांढरा, नसेल किंवा माहीतच नसेल तर काळा. भगवा, निळा, हिरवा टाळा, ते कुठल्या ना कुठल्या पक्षाचे वाटतात. गुलाबीही आता मोकळा राहिलेला नाही. दुपारपर्यंत कुठल्या स्टेशनभोवती काळं दाटलंय ते दिसतं आणि मुलं आपणहून विचारायला लागतात, ‘नाव आहे की नाही ते बघायचं कुठे?’ त्यांना तिथल्या तिथे मोबाइलवर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर नाव शोधून दाखवा. वाऱ्यापुढे रांगोळी टिकत नाही, तेव्हा भिंतीच्या आडोशाची जागा निवडा आणि दोरी बांधा.

पथनाट्य आठ-दहा मिनिटांचं, एकाच मुद्द्याचं

भ्रष्टाचार, प्लास्टिक, हुंडा आणि मतदान एकाच नाटकात कोंबू नका. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक कामगारांच्या रोजच्या प्रश्नावर वग आणि पोवाडे करायचं. विषय समोरच्या माणसाच्या घरातला असायचा. तुमचाही तसाच हवा.

आपल्याकडे एक तयार विषय पडून आहे. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ नगरसेवक, नवी मुंबईत २८ प्रभाग आणि १११ नगरसेवक. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा, म्हणजे एका मतदाराची चार मतं. हे घरोघरी नीट कळलेलं नाही. एक मुलगा मतदान यंत्र होऊन उभा राहतो. मतदार बाई एक बटण दाबून निघते, तो हात आडवा घालतो.

‘ताई, कुठे निघालात?’
‘झालं ना! आमच्या दादाला दिलं मत.’
‘ते अ मध्ये. ब, क, ड ला कोण?’
‘अगंबाई, आणखी तीन दादा आणू कुठून?’

इथे हशा येतोच. तो ओसरायच्या आत ‘यंत्रा’ने प्रेक्षकाकडे वळून विचारायचं, ‘तुमचा प्रभाग कुठला?’ आणि उत्तराची खरोखर वाट पाहायची. भाषण घालायचं नाही. माइकही नको, ‘ऐका हो ऐका’ची दवंडी आणि डफ गर्दी गोळा करायला पुरतो. वेळ दोन लेक्चरांमधली ठेवा, सुटण्याची नको. तेव्हा सगळ्यांना लोकल पकडायची असते.

नोंदणीचं टेबल पंधरा पावलांच्या आत

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. नाटकातल्याच पात्राने, वेशातच, लोकांना टेबलापर्यंत न्यायचं. फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, हे आदल्या दिवशीच वर्गांच्या ग्रुपवर टाका, नाहीतर अर्धी मुलं ‘उद्या आणतो’ म्हणून जातात ती जातातच. फॉर्म ज्याचा त्याने स्वतःच्या फोनवरून भरावा. दुसऱ्याच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, ती जबाबदारी तुम्हाला झेपणारी नाही. होस्टेलवर राहणाऱ्यांना होस्टेलचा किंवा घरचा पत्ता देता येतो, पण नाव एकाच जागी. आधीच नाव असेल आणि पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८. अडलं तर १९५० वर फोन.

परवानग्या

आवारासाठी प्राचार्यांचं पत्र पुरेसं असतं. बाहेरची भिंत रंगवायची तर आधी महापालिकेची लेखी परवानगी. विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५ चा राज्याचा कायदा चांगल्या चित्रालाही लागू होतो. स्टेशनच्या आवारात प्रयोग करायचा तर तिथे वेगळं विचारावं लागतं. टीममधल्या कुणाच्या टी-शर्टवर पक्षाचं चिन्ह नको, निवडणूक नसतानाही.

मोजायचं काय

गर्दी आणि रील्सचे व्ह्यूज मोजू नका. फॉर्म भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक प्रत्येकाने स्वतःकडे जपावा. तुम्ही फक्त किती जणांना मिळाला ते लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी वर्गावर्गांत जाऊन ‘स्टेटस बघितलं का?’ विचारा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला घरी येऊन गेले आणि घरी कोणी नव्हतं, असं काहींच्या बाबतीत निघतं. अशांची यादी करून त्यांना पुन्हा टेबलावर बोलवा, आणि यावेळी नाटक न करता.