गावातल्या उद्योजिकांना मोबाइलवरचा व्यवहार शिकवताना

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात नागलीचे (नाचणीचे) पापड लाटणारी, निफाड-दिंडोरीत बेदाणा निवडून पाकिटे भरणारी किंवा येवल्यात पैठणीच्या मागावर बसणारी बाई धंद्याला नवखी नसते. उधारी कुणाला द्यावी आणि कोणत्या बाजाराला किती माल न्यावा हे तिला पक्के ठाऊक असते; तिचे अडते ते पैसे घेण्याच्या आणि माल दाखवण्याच्या नव्या रीतीपाशी. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात संगणकाची ओळख करून देण्याने न करता तिच्या स्वतःच्या फोनपासून करावी.

आधी वेळ ठरवावी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात भाताच्या आवणीत (लावणीत) आणि निफाडकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत वर्ग ठेवला, तर तो रिकामाच राहील. बचत गटाची बैठक जिथे भरते तिथेच, दुपारी दोन ते चार या वेळेत, आठवड्यातून एकदा आणि एका वेळी दहा-बारा जणींनाच बोलवावे. गावातली ‘उमेद’ची, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाची, सीआरपी ताई (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) सोबत असली, तर घरून येणाऱ्या शंकांना ती आपल्यापेक्षा चांगले उत्तर देते.

पहिल्या दिवशी कोणतेही ॲप उघडू नये. प्रत्येकीचा मोबाइल क्रमांक कुणाच्या नावावर आहे, बँकेच्या खात्याला कोणता क्रमांक जोडला आहे आणि खाते तिचे एकटीचे आहे की नाही, हे एका वहीत लिहून घ्यावे. पुष्कळदा सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर आणि बँकेतला क्रमांक मुलाचा असे निघते. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, त्यामुळे ही दुरुस्ती झाल्याशिवाय पुढचा सगळा धडा वाया जातो. माझ्या मते हेच प्रशिक्षणाचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण क्यूआर कोड दुसऱ्याच्या खात्याचा असेल, तर पापड तिने लाटले तरी पैसे तिच्या हाती येत नाहीत. त्यासाठी एक पूर्ण आठवडा बँकेत जाण्याला द्यावा आणि शक्य असेल तर बायकांबरोबर आपणही जावे.

यूपीआय शिकवताना खरे पाच-दहा रुपये एकमेकींना पाठवायला लावावेत. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे प्रत्येकीकडून तिच्या शब्दांत वदवून घ्यावे, कारण ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे सांगणाऱ्या फोनवरच पुष्कळ फसवणूक होते. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबून माल देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहावे. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करायचा असतो, तो क्रमांक फोनमध्ये तिथल्या तिथे जतन करून द्यावा.

मालाच्या फोटोवर दोन वर्ग खर्च केले तरी जास्त होत नाहीत. ओसरीवर, उन्हाच्या थेट तिरिपेत नव्हे पण भरपूर उजेडात फोटो काढावा. नागलीचा पापड गडद असतो, म्हणून तो पांढऱ्या कापडावर ठेवावा. बेदाण्याच्या पाकिटाचे वजन आणि भरल्याची तारीख स्पष्ट दिसावी. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो अवश्य द्यावा, कारण जाणकार गिऱ्हाईक तेच पाहते. रंग खुलवणारे फिल्टर मात्र वापरू देऊ नयेत. साडी घरी पोहोचल्यावर रंग वेगळा दिसला, तर ती परत येते.

त्यानंतर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरावा. लिहिण्याचा सराव नसलेल्या बाईला कीबोर्डवरचे माइकचे चिन्ह दाखवावे; ती मराठीत बोलते आणि अक्षरे उमटतात, तेव्हा तिची अर्धी भीती जाते. किंमत लिहिताना टपालखर्च वेगळा दाखवावा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत, हे इथेच सांगून टाकावे.

वर्ग संपल्यावर महिन्याभराने पुन्हा गावात जावे आणि प्रत्येकीने स्वतःच्या फोनवर शेवटची जमा रक्कम आपल्याला उघडून दाखवावी. जिला ती उघडता येणार नाही, तिच्याबरोबर पहिल्या दिवशीच्या वहीपासून पुन्हा बसावे.